हवा कुणाची? येल विद्यापीठाच्या हवामान-जनमत नकाशांचे परीक्षण

मराठीत निवडणुकीच्या तोंडावर ‘यंदा हवा कुणाची आहे’ असे विचारतात, आजारातून उठलेल्या माणसाला वैद्य ‘थोडी हवापालट करा’ असे सुचवतात आणि लहान मूल एकाएकी शिंकू लागले की आजी ‘हवा बाधली’ असा निर्वाळा देते. मतदाराचा कल, बाहेरचे ऊन-पाऊस आणि माणसाची प्रकृती या तिन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द पुरतो. अमेरिकेत मात्र या तीन हवांचा हिशेब तीन वेगवेगळ्या खात्यांत ठेवला जातो आणि तो एकत्र मांडण्याचा उद्योग फार थोडे लोक करतात. येल विद्यापीठाचा हवामान बदल संज्ञापन उपक्रम हा त्यांपैकी एक. त्याने चालवलेले हवामान-जनमत नकाशे ही संकेतस्थळावरची विनामूल्य सेवा मी गेली तीन वर्षे अगदी व्यवहारी कारणासाठी वापरत आले आहे, आणि तिचे गुणदोष मराठी वाचकांपुढे ठेवावेत असे बरेच दिवस मनात होते.

ते कारण आधी सांगते. मी नागपूरला औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि आता अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर शहरात राहते. आठवडाभर औषधांच्या दुकानात काम करते आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी एका लहानशा स्वयंसेवी गटाबरोबर वस्त्यांमध्ये दारोदार फिरते. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस फिनिक्सचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३.३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. विदर्भातल्या वाचकाला त्रेचाळीस अंशांचे अप्रूप वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या महिन्यात सलग १६ रात्री पारा ३२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलाच नाही, हे कळल्यावर नागपूरकरही जरा थबकेल, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसाचे ऊन त्याच्याने पेलवत नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येते तिच्या आरोग्य विभागाने त्या वर्षी उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यू नोंदवले आणि पुढच्या वर्षी ही संख्या ६०८ होती. २०२३ मधल्या मृतांपैकी सुमारे ४५ टक्के लोक बेघर होते, आणि जे घरात दगावले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे वातानुकूलन यंत्र होते, मात्र ते चालत नव्हते.

दार उघडल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. ‘हवामान बदल’ हे शब्द उच्चारताच काही चेहरे कोरडे होतात आणि काही उजळतात, आणि कोणत्या गल्लीत काय होईल हे आधी सांगता येत नाही. आमच्यातले एक गृहस्थ म्हणत की इथे कुणालाच या विषयाची पर्वा नाही. दुसऱ्या एका बाई म्हणत की सर्वांनाच पर्वा आहे, फक्त बोलत कुणी नाही. दोघांचेही म्हणणे अंदाजावर उभे होते. तो वाद मिटवण्यासाठी मी हा नकाशा उघडला.

नकाशाची रचना इतकी सोपी आहे की ती शिकवावी लागत नाही. वरच्या पेटीतून प्रश्न निवडायचा. तापमानवाढ होते आहे का, ती मुख्यतः माणसामुळे आहे का, तुम्हाला काळजी वाटते का, तिची झळ तुम्हाला स्वतःला बसेल का, कार्बन डायऑक्साइडवर प्रदूषक म्हणून निर्बंध असावेत का, या विषयावर तुम्ही अधूनमधून तरी बोलता का, असे दोन-अडीच डझन प्रश्न तिथे आहेत. मग संपूर्ण देश, राज्य, लोकसभेसारखा मतदारसंघ, महानगर किंवा काउंटी यांपैकी पातळी निवडायची. जिथे होकार निम्म्याहून कमी तिथे निळसर आणि जिथे अधिक तिथे पिवळ्यापासून नारिंगीपर्यंतचा रंग भरलेला दिसतो, आणि आपल्या काउंटीवर टिचकी मारली की तिथले आकडे देशाच्या आकड्यांशेजारी पट्ट्यांच्या रूपात उभे राहतात. संपूर्ण माहिती तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते, आणि राज्यापासून मतदारसंघापर्यंत एकेका भागाची छापण्याजोगी पत्रकेही मिळतात. पैसे पडत नाहीत. सरकारी संकेतस्थळांची सवय झालेल्या माणसाला हे सगळे किती नेटके आहे याचे आश्चर्य वाटावे.

या देखण्या रंगांमागे काय आहे ते मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक वापरणारे तिथेच फसतात. येल आणि जॉर्ज मेसन विद्यापीठांतील संशोधक २००८ पासून देशव्यापी सर्वेक्षण करत आले आहेत. एका फेरीत साधारण हजार प्रौढांना प्रश्न विचारले जातात. अमेरिकेत काउंट्या आहेत ३,१४२, म्हणजे सगळे उत्तर देणारे समान वाटून दिले तरी तीन काउंट्यांमागे एक माणूस येतो. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती एका पातेल्यातल्या भाताची. इथे पातेली तीन हजारांवर आणि शिते हजारभर, आणि कित्येक पातेल्यांतून एकही शीत उचललेले नाही. मग प्रत्येक पातेल्यातला भात किती शिजला आहे हे सांगायचे कसे?

पीटर हाउ, मॅटो मिल्डेनबर्गर, जेनिफर मार्लन आणि अँथनी लायझरोवित्झ या चौघांनी २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. सर्व वर्षांच्या सर्वेक्षणांतली उत्तरे एकत्र करायची. लिंग, शिक्षण, वंश आणि राहण्याचे ठिकाण यांप्रमाणे कोणता माणूस काय उत्तर देण्याचा संभव आहे याचे गणिती प्रारूप बसवायचे. आणि मग जनगणनेनुसार एखाद्या काउंटीत अशी किती माणसे राहतात त्या प्रमाणात त्या काउंटीचा आकडा काढायचा. म्हणजे प्रत्येक पातेल्यात डोकावलेले नाही. तांदूळ कोणता, पाणी किती, आच कशी, यांवरून भाताचा अंदाज बांधला आहे. हा अंदाज हवेतला नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, ओहायो आणि टेक्सास ही चार राज्ये आणि कोलंबस व सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरे यांत स्वतंत्र सर्वेक्षण करून तो ताडून पाहिला गेला आणि बऱ्यापैकी खरा उतरला. तरीही काउंटीच्या आकड्यात दोन्ही बाजूंना सुमारे आठ टक्क्यांची घटबढ धरावी, असे ही मंडळी स्वतःच सांगतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे होती. नकाशात तिलाही रंग आहे आणि टक्केवारी आहे. तो आकडा पाहून कुणी ‘लव्हिंगच्या लोकांना विचारले असता’ असे वाक्य लिहू लागला, तर त्यात नकाशाचा दोष नाही, परंतु नकाशाचे दिसणे त्या वाक्याला फूस लावते एवढे खरे.

आता मला ज्यासाठी ही सेवा मोलाची वाटते त्याकडे येते.

देशपातळीवरचे काही आकडे एकाखाली एक ठेवून पाहावेत. तापमानवाढ होत आहे असे साधारण ७२ टक्के अमेरिकी प्रौढ मानतात. ती मुख्यतः माणसामुळे आहे असे मानणारे साठीच्या किंचित खाली आहेत. तिची झळ पुढच्या पिढ्यांना बसेल असे सुमारे ७० टक्क्यांना वाटते, झाडे आणि प्राणी यांना बसेल असेही जवळपास तितक्यांनाच वाटते, गरीब देशांतल्या लोकांना बसेल असे त्याहून थोड्या कमी लोकांना, अमेरिकेतल्या लोकांना बसेल असे त्याहूनही कमी लोकांना, आणि ‘मला स्वतःला बसेल’ असे म्हणणारे निम्म्याहूनही कमी, पंचेचाळीस टक्क्यांच्या आगेमागे. म्हणजे संकट जितके दूरच्या माणसाचे, तितका ते मान्य करण्याचा उत्साह अधिक, आणि आपल्या उंबऱ्यापाशी आले की आकडा खाली बसतो. या विषयावर अधूनमधून तरी बोलतो असे सांगणारे तर तिघांत एकच. आमच्या गटातल्या त्या बाईंचे म्हणणे ‘पर्वा आहे, बोलत कुणी नाही’ असे होते, आणि नकाशाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

मी मॅरिकोपा काउंटीवर टिचकी मारली तेव्हा माझी अपेक्षा वेगळी होती. एका उन्हाळ्यात शेकडो माणसे जिथे उष्णतेने गेली तिथे ‘मला झळ बसेल’ म्हणणारे देशापेक्षा पुष्कळ जास्त असतील, असे मी धरून चालले होते. आकडा मात्र निम्म्याच्या आसपासच घुटमळताना दिसला, देशाच्या सरासरीहून फारसा वेगळा नाही. याचे एक कारण पद्धतीत आहे, कारण प्रारूप माणसाचे लिंग, शिक्षण आणि वंश पाहून उत्तराचा अंदाज बांधते, त्याच्या अंगणातला तापमापक पाहून नव्हे. दुसरे कारण काउंटीच्या आकारात आहे. मॅरिकोपाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख होती आणि तीत पॅराडाइज व्हॅलीतले तलावांनी सजलेले बंगले आहेत आणि दक्षिण फिनिक्समधल्या सावली नसलेल्या वस्त्याही आहेत. या दोघांना एकाच रंगाने रंगवले की जो रंग उरतो तो कुणाचाच नसतो. तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे आणि ते मला दारोदार फिरताना कळले.

त्याआधी या संस्थेच्या दुसऱ्या एका नकाशाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण आरोग्याच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. मुख्य नकाशातला ‘झळ’ हा शब्द मोघम आहे. त्यात पैशाची झळ येते, पुराची येते, वणव्याची येते; शरीराचे काय होईल, असे तो नेमके विचारत नाही. याच संशोधकांपैकी काहींनी २०१९ साली ‘पीएनएएस’ या नियतकालिकात तीव्र उष्णतेचा आपल्या आरोग्याला किती धोका आहे असे लोकांना वाटते, याचा अभ्यास मांडला. त्यासाठी ९,२१७ लोकांची उत्तरे घेतली होती आणि अंदाज थेट ७२,४२९ जनगणना-वस्त्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ मोहल्ल्याच्या पातळीवर, नेला होता. इथे बंगले आणि सावली नसलेल्या वस्त्या वेगळ्या दिसतात. गरीब वस्त्यांना आणि अल्पसंख्याकांची वस्ती जास्त असलेल्या भागांना धोका अधिक जाणवतो, आणि तो त्यांना खरोखरच अधिक आहे. टेक्सास, नेव्हाडा, हवाई अशा उष्ण राज्यांत जाणीव तीव्र आहे. थंड राज्यांत ती कमी आहे, मात्र सवय आणि सोय नसल्याने तिथला धोका पुष्कळदा जास्त असतो. आणि ज्या भागांत वृद्धांची संख्या मोठी आहे तिथे, जिथे जाणीव सर्वाधिक हवी तिथेच, ती कमी आढळते.

या शेवटच्या वाक्यापाशी मी खूप वेळ थांबले होते. एका शनिवारी ट्रेलरवजा घरांच्या वसाहतीत एक ऐंशीच्या घरातले आजोबा भेटले. आमच्या काउंटीत अशा घरांतल्या उष्णता-मृत्यूंचे प्रमाण घरांच्या संख्येच्या मानाने फार मोठे आहे. त्यांनी आम्हाला सावलीत उभे केले, पाणी दिले आणि सांगितले की ते साठ वर्षे या वाळवंटात राहत आहेत, ऊन नव्या माणसांना बाधते. मी त्यांना कोणती औषधे चालू आहेत असे विचारले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी होती, हृदयाचे ठोके आवरणारी होती आणि रात्री झोप यावी म्हणून दुकानातून स्वतःच आणलेली सर्दीची गोळी होती. पहिली अंगातले पाणी कमी करते, दुसरी उष्णतेत हृदयाला हवा तितका वेग घेऊ देत नाही आणि तिसरी घाम रोखते. साठ वर्षांपूर्वी ते या उन्हात आले तेव्हा यांपैकी एकही गोळी त्यांच्या पोटात जात नव्हती. मी हे सांगितल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे वळून बसले. ‘हवामान बदल’ हा शब्द त्या दिवशी कुणीही उच्चारला नाही.

त्यानंतर आम्ही मोठा नकाशा बाजूला ठेवला आणि लहान नकाशा हाती घेतला. ज्या वस्त्यांमध्ये वृद्ध अधिक आणि धोक्याची जाणीव कमी, त्यांची यादी काढली आणि आमचे शनिवार त्यांप्रमाणे वाटून घेतले. ज्या वस्त्यांना धोका आधीच नीट ठाऊक आहे त्यांना ऊन वाईट असते हे सांगत बसणे म्हणजे नळावर उभ्या असलेल्या बाईला पाणीटंचाईवर व्याख्यान देण्यासारखे आहे. त्यांना वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती कुठे होईल आणि थंडावा केंद्र किती वाजेपर्यंत उघडे असते ही माहिती हवी असते. कोणाला समजावायचे आणि कोणाला मदत पोचवायची हा फरक या नकाशाने आम्हाला दाखवला, आणि माझ्या मते या संपूर्ण सेवेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्याची मर्यादा एवढीच की तो २०२३ च्या आधीचा आहे. ते ३१ दिवस सोसल्यावर लोकांची जाणीव कुठे सरकली हे त्यात असणे शक्य नाही.

मतदारांच्या बाबतीत ही सेवा काय देते, हा वेगळा विषय आहे. मुख्य नकाशातले आकडे सर्व प्रौढांचे आहेत, नोंदणीकृत मतदारांचे नाहीत, आणि प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांचे तर मुळीच नाहीत. अ‍ॅरिझोनात २०२० ची अध्यक्षीय निवडणूक १०,४५७ मतांनी निकालात निघाली, म्हणजे एक टक्क्याचाही फरक नव्हता. अशा ठिकाणी आठ टक्क्यांची घटबढ असलेला आकडा घेऊन कुणी उमेदवार हवा आपल्या बाजूची असल्याचे सांगू लागला तर त्याला नम्रपणे खुर्चीवर बसवावे. मतदारांविषयी जाणून घ्यायचे असेल तर याच संस्थेचे राजकारण आणि तापमानवाढ या विषयावरचे अहवाल वाचावेत. त्यांत नोंदणीकृत मतदारांचे उदारमतवादी डेमोक्रॅट, मध्यममार्गी व परंपरावादी डेमोक्रॅट, उदार व मध्यममार्गी रिपब्लिकन आणि परंपरावादी रिपब्लिकन असे चार भाग पाडलेले असतात आणि मत देताना कोणता मुद्दा किती महत्त्वाचा, हे विचारलेले असते. तिथे उदारमतवादी डेमोक्रॅट तापमानवाढीला वरच्या मुद्द्यांत बसवतात, परंपरावादी रिपब्लिकन तिला यादीच्या तळाशी ढकलतात आणि सर्व मतदार एकत्र घेतले तर ती महागाई, अर्थव्यवस्था, आरोग्यसेवेचा खर्च यांच्या पुष्कळ खाली, यादीच्या उत्तरार्धात सापडते. ‘काळजी वाटते’ असे म्हणणारे साठ टक्क्यांहून अधिक आहेत, आणि तरीही मतपेटीपाशी पोचेपर्यंत ती काळजी विरून गेलेली असते.

या दोन आकड्यांमधली दरी आरोग्याच्या वाटेने भरून निघेल, अशी आशा पुष्कळ अभ्यासकांना वाटते. जॉर्ज मेसन विद्यापीठातले एडवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या निबंधात असे दिसले होते की तापमानवाढ प्रकृतीला वाईट, असे बहुतेक अमेरिकी लोकांना मोघमपणे वाटते, पण कोणता आजार आणि कोणाला, हे फार थोड्यांना सांगता येते, आणि या विषयावर ज्यांचा शब्द मानला जाईल अशांत कुटुंबाचा डॉक्टर वरच्या स्थानी येतो. दुकानात मला याचा पडताळा रोज येतो. खिडकीपाशी उभा असलेला माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे मला कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. गोळीच्या बाटलीवर ‘उन्हात जपा’ अशी चिठ्ठी लावली तर तो ती वाचतो. मात्र यातून त्याचे मत बदलेल असा निष्कर्ष मी काढणार नाही. आजोबांनी दुपारचे फिरणे सकाळी नेले एवढे मला माहीत आहे. त्यांनी नोव्हेंबरात कोणत्या नावापुढे खूण केली हे मी विचारले नाही.

या सेवेचा एक भाग करमणुकीचाही आहे. या संशोधकांनी २००९ पासून अमेरिकेचे सहा गट मानले आहेत. धास्तावलेले, चिंतेत असलेले, सावध, विषयापासून तुटलेले, साशंक आणि धुडकावून लावणारे. आपण कोणत्या गटात बसतो हे चार प्रश्नांच्या लहानशा चाचणीतून कळते. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर मी ती दूरदर्शनच्या पडद्यावर लावली. चाचणीच्या आधी प्रत्येकाला विचारले की शंभर अमेरिकी माणसांत धुडकावणारे किती असतील. कुणी तीस म्हणाले, कुणी चाळीस, आणि एका काकांनी तर ‘निम्मे धर’ असे सांगितले. प्रत्यक्षात तो गट दहांत एकाच्या आसपास आहे आणि धास्तावलेल्यांचा गट चारांत एकाच्या वर आहे. ही चूक आमच्याच मंडळाची नाही. २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हवामानविषयक मोठ्या धोरणांना प्रत्यक्ष पाठिंबा ६६ ते ८० टक्के असताना सामान्य अमेरिकी माणसाचा अंदाज ३७ ते ४३ टक्क्यांचा निघाला. आपण एकटेच आहोत असे जवळजवळ प्रत्येकजण समजतो आणि म्हणून गप्प बसतो. तिघांत एकच बोलतो, या आकड्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते.

भारतातल्या वाचकांना साहजिकच प्रश्न पडेल की आपल्याकडचे काय. याच उपक्रमाने सी-व्होटर या संस्थेबरोबर भारतात सर्वेक्षणे केली आहेत, आणि राज्य व जिल्हा पातळीवरचे नकाशेही आता केले आहेत. त्यांचे परीक्षण तिथल्या उन्हात राहणाऱ्याने करावे, मी दुरून करू नये. मी एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधते. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात ४,६१९ प्रौढांना विचारले तेव्हा ५४ टक्के लोकांनी आपल्याला तापमानवाढीविषयी अगदी थोडे ठाऊक आहे किंवा तिचे नावही ऐकलेले नाही असे सांगितले. आणि तिचा अर्थ दोन वाक्यांत समजावून दिल्यावर ८४ टक्के म्हणाले की हो, हे होत आहे. माझी आई अकोल्याची. उन्हात बाहेर पडताना पदराच्या टोकाला कांदा बांधणारी, माठात वाळा टाकणारी आणि ‘हल्ली मृगाचा भरवसा राहिला नाही’ असे दरवर्षी सांगणारी. तिला प्रश्नकर्त्याने फोनवर ‘जागतिक तापमानवाढीविषयी किती माहिती आहे’ असे विचारले असते, तर तिने ‘मला बाई त्यातले काही कळत नाही’ असे म्हणून फोन माझ्या भावाकडे दिला असता. शब्द ठाऊक नसणे आणि गोष्ट ठाऊक नसणे यांत सर्वेक्षण गफलत करू शकते, आणि भारतात ती अमेरिकेपेक्षा अधिक होईल. अहवालाने आधी नुसता शब्द आणि मग समजावलेला अर्थ अशी दोन्ही उत्तरे घेतली, त्यामुळे ही गफलत लपून न राहता उघड झाली. हे मला प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

तक्रारी थोड्याच आहेत, परंतु गंभीर आहेत. पहिली रंगांविषयीची. पन्नास टक्क्यांच्या रेषेवर रंग पालटत असल्यामुळे ४८ आणि ५२ यांतला फरक डोळ्याला वैर असल्यासारखा दिसतो, वास्तविक आठ टक्क्यांच्या घटबढीत या दोन आकड्यांत काहीच फरक नाही. जिथे अंदाज डळमळीत आहे तिथे रंग फिकट किंवा रेघारेघांचा करता आला असता, म्हणजे लव्हिंगसारख्या काउंटीकडे पाहताक्षणीच माणूस सावध झाला असता. दुसरी तक्रार अशी की घटबढीची माहिती पद्धतीच्या टिपणात नीट दिली आहे, परंतु नकाशा पाहणाऱ्या शंभरांतले किती जण त्या टिपणापर्यंत जातात? ती टक्केवारीच्या शेजारीच छापायला हवी होती. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी, मुख्य नकाशात ‘तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या माणसाच्या प्रकृतीवर परिणाम होईल का’ असा थेट प्रश्न हवा होता, आणि उष्णतेचा नकाशा वेगळ्या कोपऱ्यात न ठेवता त्याच्या शेजारी आणून ठेवायला हवा होता. आरोग्य खात्यातले लोक, परिचारिका, आमच्यासारखे औषधवाले यांना तो शोधत जावा लागतो, आणि बहुतेक जण मुख्य नकाशावरच थांबतात.

पाचांपैकी मी मुख्य नकाशाला साडेतीन आणि उष्णतेच्या नकाशाला साडेचार गुण देईन. पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी राज्याच्या पातळीपर्यंत मुख्य नकाशा निःशंकपणे वापरावा, काउंटीच्या पातळीवर ‘अंदाजे’ हा शब्द जोडून वापरावा. निवडणुकीच्या प्रचारात तो वापरणाऱ्यांनी मतदारांचे अहवाल आधी वाचावेत. ज्यांना एखाद्या वस्तीत जाऊन प्रकृतीविषयी बोलायचे आहे त्यांनी उष्णतेचा नकाशा छापून घ्यावा आणि जाताना सोबत औषधांची माहिती असलेला कुणीतरी न्यावा. येत्या मे महिन्यासाठी आमच्या गटाने चार वस्त्या निवडल्या आहेत. त्यांपैकी तीन ठिकाणी वृद्धांची वस्ती दाट आहे आणि चौथीत ते आजोबा राहतात. त्यांनी या वर्षी आमच्याबरोबर शेजाऱ्यांच्या दारापर्यंत येण्याचे कबूल केले आहे, मात्र सकाळी आठच्या आत.